परवान्यातली दारूबंदी : मुंबईचा कायदा वाशीला कसा पोहोचला?

१/ महाराष्ट्रात मद्यालयाच्या दारावर ‘परमिट रूम’ अशी पाटी असते. या दोन शब्दांमागे एक जुना कायदा उभा आहे. त्याच्या दृष्टीने या राज्यात मद्यपान हा आजही हक्क नाही. तो दारूबंदीला केलेला अपवाद आहे. हा कायदा धाराशिव जिल्ह्यातील वाशीला (नवी मुंबईच्या नव्हे) कसा पोहोचला, त्याचा हा इतिहास.

२/ वाशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर शेजारची बार्शी मुंबई इलाख्यात. आबकारी हे निजाम सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन. म्हणूनच १९४७ साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला, तेव्हा मराठवाड्यात शिंदीची झाडे तोडणे हाही सत्याग्रहाचा एक मार्ग ठरला. झाड पडले की सरकारचा महसूल बुडे.

३/ मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग १ ऑगस्ट १९३९ रोजी सुरू झाला. मंत्री होते डॉ. गिल्डर. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रयोग फार टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा केला. गृहमंत्री मोरारजी देसाई त्याचे खंदे पुरस्कर्ते. ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ चे तिला पाठबळ होते.

४/ कायद्याचे जाळे इतके बारीक विणलेले होते की मद्यार्क असलेली औषधे आणि अत्तरासारखी प्रसाधनेही त्यात अडकली. बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरवला. औषधे व प्रसाधने यांवरील बंधने मात्र रद्द केली.

५/ रोजच्या जगण्यात या कायद्याने समाजाची दोन गटांत विभागणी केली. ज्याला वैद्यकीय दाखला मिळवणे शक्य होते, त्याला प्रकृतीच्या कारणावरून परवाना मिळे. मजुराच्या वाट्याला आली हातभट्टी: काळा गूळ, नवसागर आणि रबरी ट्यूबमधून चोरवाटेने होणारी वाहतूक. पिणे थांबले नाही. गरिबाचे पिणे अधिक धोक्याचे मात्र झाले.

६/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. वाशी जागचे हलले नाही. बदलला तो नकाशा. १९५९ च्या दुरुस्तीने हा कायदा उर्वरित राज्याला लागू झाला. त्याच दुरुस्तीने रक्ततपासणीला महत्त्व आले: रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक मद्यार्क आढळल्यास तो औषधातून आला हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडला.

७/ १ मे १९६० रोजी राज्याची दोन राज्ये झाली, पण कायदा दोघांच्या वाट्याला एकच आला. गुजरातने बंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत ती सैल केली. १९७३ च्या नियमांनी देशी दारूची विक्री परवान्याच्या चौकटीत आणली. ज्या आबकारीवर मराठवाड्याने कुऱ्हाड चालवली होती, तिचाच महसूल आता लोकनियुक्त सरकारच्या तिजोरीत येऊ लागला.

८/ महाराष्ट्राने मूळ कायदा मात्र रद्द केला नाही. ‘मुंबई’ जाऊन नावात ‘महाराष्ट्र’ आले. ‘दारूबंदी’ हा शब्द तसाच राहिला. आज गावातील महिला मतदार पुरेशा संख्येने मागणी करून दुकानाबाबत मतदान घडवून आणू शकतात. ‘उभी बाटली’ म्हणजे दुकान चालू, ‘आडवी बाटली’ म्हणजे बंद.

९/ शिंदीच्या झाडावर पडलेली कुऱ्हाड आणि मतपत्रिकेवरची आडवी बाटली यांत साठ वर्षांचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: दारूचा पैसा तिजोरीत जातो, पण तिची किंमत कोणाचे घर मोजते? परवान्याच्या कागदावर याचे उत्तर लिहिलेले नसते.