सर्पगंधा

हिमालयाच्या पायथ्यापासून कोकणच्या रानांपर्यंत, मोठ्या वृक्षांच्या सावलीत, हात-दीड हात उंचीचे एक झुडूप वाढते. पेरापेरावर तीन-चार पानांचे वलय, शेंड्याला पांढऱ्या फुलांचा गुच्छ आणि फुलांचे देठ मात्र लालभडक. हीच सर्पगंधा. तिचे सारे मोल मुळात आहे.

लोकपरंपरेने हे मूळ सर्पदंशावर दिले. बिहारात तर ‘पागल की दवा’ हेच त्याचे नाव पडले. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील त्याचा गुण प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलिमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातील अल्कलॉइडे वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. पुढे 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यक जागे झाले. 1952 साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ‘रेसर्पिन’ हाती आले. त्याने रक्तदाब उतरतो, मन शांत होते. परंतु काही रुग्णांना खिन्नताही ग्रासते. म्हणून ते वैद्याच्या देखरेखीवाचून घेऊ नये.

कीर्तीची किंमत मात्र रानाला द्यावी लागली. पाने खुडली तर झुडूप पुन्हा फुटते. मूळ खणले की झुडूपच संपते. मागणी वाढली तशी राने ओस पडली आणि 1990 मध्ये आंतरराष्ट्रीय करारान्वये तिच्या व्यापारावर निर्बंध आले.

यावर उतारा एकच : लागवड. भुसभुशीत, पाणी न साचणारी जमीन आणि विरळ सावली तिला मानवते. बी पुष्कळदा वांझ निघते. म्हणून ते पाण्यात टाकून तरंगणारे वगळतात व बुडालेले वाफ्यात पेरतात. मुळांच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात. पावसाळ्यात रोपे लावून निदान दीड वर्ष थांबावे लागते. मग हिवाळ्यात पाने झडली की मुळे खणतात. औषधी अंश मुख्यत्वे सालीत असल्याने मुळे धुताना ती सोलू देत नाहीत.

रानाने शतकानुशतके जे न मागता दिले, ते आता शेताने कष्टाने पिकवायचे आहे. सर्पगंधेचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग नाही.