शहरांतील विझलेला ज्वालामुखी

ज्वालामुखी म्हटला कीं आपल्यासमोर व्हिसूव्हियसची धुमसती आकृति उभी राहते. न्यूझीलंडांतील ऑकलंड शहरांत मात्र घरें व रस्ते यांच्या ऐन दाटींत एक ज्वालामुखी हिरवें गवत पांघरून बसला आहे. माओरी लोक त्यास मौंगाफाउ म्हणतात. 'फाउ' नांवाच्या, हलक्या लांकडाच्या झाडाचा डोंगर, असा त्याचा अर्थ. उंची अवघी १९६ मीटर. सह्याद्रीच्या लेंकरांस तें टेंकाडच वाटावें.

आपला दख्खनचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं मुख्यतः जमिनीच्या लांब भेगांतून वाहत आला. येथील प्रकार निराळा. सुमारें २८ हजार वर्षांपूर्वीं येथें लाव्हा उसळला, त्याचे सच्छिद्र तुकडे मुखाभोंवतीं पडून शंकु झाला, व माथ्यावर सुमारें ५० मीटर खोल द्रोण राहिला. या प्रदेशांत असे पन्नासांवर ज्वालामुखी आहेत. त्यांतील बहुतेक एकदांच पेटले व कायमचे विझले. पुढचा उद्रेक व्हावयाचा तो नव्या जागीं. टेंकडी मृत, पण शहराखालची भूमि जिवंत, असा हा चमत्कारिक शेजार आहे!

माओरींनीं येथें 'पा' वसविला. 'पा' म्हणजे गडच, असें आम्हीं सांगितलें तर महाराष्ट्रीय वाचकांस निराळें वर्णन नको. उतार खोदून केलेल्या पायऱ्या व रताळीं सांठविण्याचे खड्डे आजहि स्पष्ट दिसतात. इ. स. १७०० च्या सुमारास वस्ती उठली. लांकडी कोट नाहींसे झाले, मातींतलें काम राहिलें.

इ. स. १८४० मध्यें नगाती फातुआ जमातीनें इंग्रज सरकारास राजधानीसाठीं जमीन दिली, तेव्हां तिच्या सीमेचा एक कोन याच शिखरावर धरला होता. मग नांवें बदललीं. गव्हर्नर हॉब्सन यानें शहरास ऑकलंड नांव दिलें, तें त्या वेळीं हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल असलेल्या लॉर्ड ऑकलंडचें. त्याचें घराण्याचें नांव ईडन, म्हणून डोंगर झाला माउंट ईडन. कलकत्त्याचें ईडन गार्डन त्याच कुळाचें. हाच गृहस्थ पहिल्या अफगाण युद्धाच्या अनर्थास कारण झाला. न्यूझीलंडांत त्याचें पाऊलहि पडलें नाहीं. कलकत्त्यांतील त्याचा पुतळा मात्र १९६९ मध्यें तेथें पोंचला!

नांवापेक्षां कुदळीनें अधिक नुकसान केलें. शंकूची सुटी, तांबूस खडी रस्त्यांस व लोहमार्गांस फार सोईची. मौंगाफाउ थोडक्यांत वांचला. जवळच्या 'थ्री किंग्ज'च्या शिखरांपैकीं मोठें असें एकच उरलें. अंधेरीच्या गिल्बर्ट टेंकडीचा एकाकी सुळका ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस या हानीची कल्पना येईल. उतारांच्या रक्षणाचा कायदा १९१५ मध्येंच झाला होता, पण कायदा होणें निराळें व तो स्मरणांत राहणें निराळें.

अखेर २०१४ च्या कायद्यानें मौंगाफाउसह १४ टेंकड्यांची मालकी तेथील जमातींस परत मिळाली, ती मात्र ऑकलंडच्या सर्व रहिवाशांच्याहि हितार्थ विश्वस्त म्हणून. आम्हांस ही तडजोड न्याय्य वाटते, विलंब मात्र अक्षम्य. २०१६ पासून माथ्यावर खाजगी मोटारी जात नाहींत. जुन्या पायऱ्या तुडवल्या जाऊं नयेत म्हणून पुढें लांकडी वाटहि बांधली गेली. द्रोणास माओरी 'ते इपु-आ-मताआहो', म्हणजे मताआहो देवतेचें पात्र, म्हणतात. तो त्यांस पवित्र असल्यानें आंत उतरण्यास मनाई आहे. कांठावरूनच पाहावा लागतो.