संदर्भ-चित्रण : जमवावे कसे, पाहावे कसे?

मराठवाड्यातील पेरणीचे दृश्य अॅनिमेशनमध्ये उभे करायचे असेल, तर पुण्या-मुंबईत बसलेला चित्रकार प्रथम इंटरनेट धुंडाळतो. तेथे त्याला बहुधा खांद्याला झोळी अडकवून मुठीने बी फेकत जाणारा परदेशी शेतकरी सापडतो. परभणी जिल्ह्यात, जिंतूर वा गंगाखेडच्या शिवारात, बैलांच्या तिफणीमागे बाई चालते, तिची मूठ चाड्यावर असते आणि बोटांच्या फटींतून बी सतत, मोजके, नळ्यांमध्ये सुटत राहते. फेकणे आणि सोडणे या दोन हालचालींत खांद्यापासून मनगटापर्यंत सगळाच फरक आहे. तो वर्णन वाचून कळत नाही. पाहावा लागतो, आणि तोही थांबवून थांबवून. अशा पाहण्यासाठी मुद्दाम टिपलेल्या चित्रणाला संदर्भ-चित्रण किंवा व्यवसायाच्या बोलीत ‘रेफरन्स फुटेज’ म्हणतात. ते पडद्यावर दाखवायचे नसते; त्यावरून शिकायचे असते.

ही कल्पना नवी नाही. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा एका क्षणी त्याचे चारही पाय जमिनीवरून उचललेले असतात हे दिसले. मात्र ते पाय पुढे-मागे ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले होते. तोवरचे कित्येक नामवंत चित्रकार चुकीचा घोडा काढत आले होते! आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतील वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा ठेवून रोज थोडे थोडे चित्रण केले आणि ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट साकारला. डोळ्यांना न दिसणारी गती त्यामुळे दिसू लागली. पुढे १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्ने स्टुडिओचे क्लेअर वीक्स शिकवण्यासाठी आले. ‘बॅम्बी’च्या वेळी त्या स्टुडिओत अभ्यासासाठी हरणाची जिवंत पाडसे आणली गेली होती आणि वीक्स यांनी त्या चित्रपटासाठी काम केले होते. भारतीय अॅनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

आज चित्रण करणे अवघड राहिलेले नाही. खिशातला मोबाइल ते करतो. अवघड आहे ते हवे तेव्हा सापडणे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर अंधाऱ्या प्रेक्षागृहातही चित्रपट पाहताना वहीत नोंदी करीत. कोणते दृश्य कोणत्या रिळात आहे, हे ते सांगू शकत, अशी त्यांची ख्याती होती. २०१२ च्या ‘सेल्युलॉइड मॅन’ या माहितीपटात त्यांचे हे काम पाहायला मिळते. संग्रह आणि ढीग यांतला फरक त्या वहीत होता.

तेव्हा पहिली शिस्त नोंदीची. कॅमेऱ्याने दिलेले निरर्थक क्रमांक बदलून फाइलला दिनांक, गाव, क्रिया आणि कोन यांवरून नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘२०२५-०६-२०_जिंतूर_पेरणी_बाजूने_०१’. वर्ष आधी लिहिल्याने फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. मूळ चित्रण दिनांकवार फोल्डरमध्ये ठेवून त्याला पुन्हा हात लावू नये. विषयवार वर्गवारी वहीत किंवा तक्त्यात करावी, कारण एकाच क्लिपमध्ये बैलही असतो, बाईही असते आणि वाऱ्याने हलणारा पदरही. ती तीन फोल्डरांत तीनदा ठेवली की गोंधळ सुरू होतो. नोंदीत काय दिसते याबरोबरच कोठे दिसते, म्हणजे कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला, तेही लिहावे. हे कंटाळवाणे काम आहे. त्याच दिवशी केले नाही तर ते होत नाही, हा बहुतेकांचा अनुभव.

चित्रण करताना हालचालीशी काटकोनात, दूर उभे राहून, कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवावा. शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून जलद असावा, नाहीतर नेमके पाऊल टेकण्याच्या क्षणीच चित्र पुसट होते. सिनेमात हा पुसटपणा शोभतो, अभ्यासात आड येतो. मोबाइलची आणखी एक खोड आहे. त्यातील फ्रेमचा वेग उजेडानुसार कमी-जास्त होतो. असे चित्रण मोजण्यापूर्वी आणि संकलनाला घेण्यापूर्वी स्थिर वेगात रूपांतरित करून घ्यावे.

अभ्यास म्हणजे मोजणे. चालणाऱ्या बैलाचे पाय क्रमाने पडतात : डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. नवशिके तिरके दोन पाय एकदम उचलतात आणि बैल दुडक्या चालीने निघतो. एक पाय टेकल्यापासून तोच पुन्हा टेकेपर्यंत, सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात ३० फ्रेम गेल्या, तर ते आवर्तन १.२ सेकंदांचे झाले. २४ फ्रेमच्या अॅनिमेशनमध्ये त्यास सुमारे २९ फ्रेम लागतील आणि एक चित्र दोन फ्रेम धरले तर १४-१५ चित्रे. त्यानंतर क्लिप बंद करून मुख्य अवस्था स्मरणाने रेखाटाव्यात आणि मग पडताळून पाहाव्यात. थेट गिरवण्याची सोय १९१७ मध्ये पेटंट मिळालेल्या मॅक्स फ्लायशर यांच्या रोटोस्कोपपासून आहेच. पण नुसते गिरवलेल्या बैलाला वजन येत नाही. जू मानेवर असताना खांदा कोठे दबतो, हे ज्याला उमगले त्याच्याच रेषेत ते उतरते.

संकलकाचा अभ्यास थोडा वेगळा. त्याने आवडलेले दृश्य आवाज बंद करून पाहावे, प्रत्येक कट कितव्या फ्रेमवर आहे ते लिहावे आणि नंतर केवळ आवाज ऐकावा. दुसऱ्याचा चित्रपट खासगी अभ्यासासाठी पाहणे निराळे आणि त्याचा तुकडा आपल्या कामात वापरणे निराळे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. शेतात चित्रण करतानाही त्या बाईला आधी विचारावे आणि तिचा होकार नोंदीत लिहावा.

ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रामुळे तिफण मागे पडत चालली आहे. तिचे जुने चित्रण शोधायचे तर तालुक्याच्या गावांतील लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांकडे विचारून पाहावे. परण्याची मिरवणूक, पंगतीत वाढणारे हात, वाटेत लागलेले शेत, बैलगाडीतून उतरणाऱ्या म्हाताऱ्या असे बरेच काही त्या कॅसेटांत अनवधानाने टिपले गेलेले असते. व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे चालू स्थितीतले यंत्र मिळवणे दरवर्षी कठीण होत आहे. कॅसेटवर वधू-वरांची नावे आणि तारीख असते. आतल्या बैलगाडीची नोंद कोणीच केलेली नसते.