'येरवडा' या ग्रामनामाचे दोन अर्थ : तुरुंग व मनोरुग्णालय यांच्या संबंधाविषयी एक टिपण

एकलहऱ्यापासून फारसे दूर नसलेल्या नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहामुळे तेथील वस्तीस 'जेलरोड' हे नाव रूढ झाले आहे. तेथील रहिवासी आपला पत्ता सांगताना संकोचत नाही; नित्याच्या वापराने त्या नावातील तुरुंग झिजून गेला आहे. पुण्याच्या 'येरवडा' या ग्रामनामाची गत निराळी झाली. 'त्यास येरवड्यास पाठविले' एवढ्या वाक्यावरून तो मनुष्य कैदी होता की मनोरुग्ण, हे ऐकणाऱ्यास कळत नाही. कारण १८७१ मध्ये उभारलेले कारागृह आणि पुढे तेथेच आलेले वेड्यांचे इस्पितळ ही दोन्ही त्याच गावी आहेत. ('तुरुंग' व 'इस्पितळ' हे शब्दही मराठीत पोर्तुगीजांच्याच गलबतातून उतरले, असे मानतात.) परंतु हा अर्थसंदेह केवळ शेजाराने उत्पन्न झालेला नाही. कायद्याने तो दीर्घकाळ जोपासला, असे आम्हांस वाटते.

वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १८५८ चा. मुंबई इलाख्यात रत्नागिरीचे इस्पितळ १८८६ मध्ये व ठाण्याचे १९०१ मध्ये निघाले. १९१२ च्या कायद्याने आधीच्या तरतुदी एकत्र केल्या आणि त्यात 'क्रिमिनल लुनॅटिक' या संज्ञेची व्याख्या दिली. तीत इस्पितळ, तुरुंग व 'सुरक्षित अटकेचे अन्य ठिकाण' ही तिन्ही एकाच दमात, पर्याय म्हणून येतात. मनुष्यास कोठे ठेवावे हा प्रश्न तेथे उपचाराचा नव्हताच, कुलुपाचा होता.

त्याच वर्षी अंदमानात काय घडत होते, हे मराठी वाचकास सावरकरांच्या १९२७ मध्ये ग्रंथरूपाने निघालेल्या 'माझी जन्मठेप' या आत्मवृत्तावरून ठाऊक आहे. इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास घेतला. उल्लासकर दत्त यांचे भान हरपले. हे वेड खरे की सोंग, असा संशय प्रथम घेण्यात आला, आणि पुढे त्यांस मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात हलविण्यात आले. कैद्याच्या मनोविकाराकडे आधी लबाडी म्हणून पाहावयाचे ही रीत कोणत्याही कलमात लिहिलेली नव्हती, तरी ती कलमांहून बळकट होती.

उलट दिशेची वाहतूक अधिक दुःखद होय. ज्यांनी कोणताही गुन्हा केला नाही असे मनोरुग्ण, केवळ अन्यत्र सोय नाही म्हणून, तुरुंगात डांबले जात. त्यांस सरकारी भाषेत 'बिगर-गुन्हेगार वेडे' असे नाव होते. ज्या मनुष्याची ओळख त्याने न केलेल्या गुन्ह्याने करून द्यावी लागते, त्याची अवस्था निराळी सांगावयास नको. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, पश्चिम बंगालमधील तुरुंगांच्या संदर्भात, अशी कैद बेकायदेशीर व घटनाबाह्य ठरविली. १९१२ च्या कायद्याची जागा घेणारा १९८७ चा कायदाही त्याच वर्षी अमलात आला. त्यात 'लुनॅटिक' शब्द गळाला व 'मानसिक आजार असलेला कैदी' अवतरला.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याचे १०३ वे कलम भाषेच्या अभ्यासकाने अवश्य वाचावे. प्रत्येक राज्यातील किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावे, अशी तरतूद त्यात आहे; ती योग्यच होय. मात्र त्याच कलमानुसार तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीस पुनर्विलोकन मंडळाकडे अहवाल धाडावयाचा असतो, आणि त्यात प्रमाणित काय करावयाचे, तर तुरुंगात मानसिक आजार असलेले कैदी नाहीत, हे. किती आहेत व कोणास कोणता उपचार चालू आहे, हे लिहिण्यास त्या वाक्याच्या रचनेत जागा ठेवलेली नाही.