घाट तोच, हद्द वेगळी

आपले पहूर हे वाटेवरचे गाव. उत्तरेला तापीचे काळ्या मातीचे खोरे, दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर आणि त्यातून वर चढणारा घाट. जळगावहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता पहूरवरूनच जातो. पेठ आणि कसबे ही गावाच्या दोन भागांची नावेही जुन्या बाजाराची आठवण देतात.

देशांचे राजकारण भूगोल ठरवतो, असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. हॅलफर्ड मॅकिंडर या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने १९०४ साली लंडनमध्ये असाच विचार मांडला. युरोप-आशियाच्या मध्यभागी, जिथे आरमार पोहोचू शकत नाही, तो प्रदेश जगाच्या राजकारणाचे केंद्र आहे, असे त्याचे म्हणणे होते. हा विचार आपल्या घाटाला लावून पाहू.

विचाराच्या बाजूने पुरावा भरपूर आहे. उत्तरेकडून दख्खनवर येणाऱ्या फौजांची मोठी वाट सातपुड्यातल्या असीरगडाखालून जात असे. अकबराने तो गड १६०१ साली घेतला आणि खानदेशातले फारुकी राज्य संपले. पुढे १८०३ साली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलखात गेल्या. २३ सप्टेंबरला असईच्या लढाईत आर्थर वेलस्लीने त्यांचा पराभव केला, तेव्हा त्या याच घाटाने खाली उतरल्या. डोंगरात वाट होती म्हणून इतिहास आपल्या शिवारावरून गेला.

पण सीमेचे काय? डोंगरच सीमा ठरवत असता, तर घाटावर निजाम आणि घाटाखाली इंग्रज अशी सरळ वाटणी झाली असती. प्रत्यक्षात निजामाची हद्द घाट उतरून खाली आली होती. लेणी आणि पायथ्याचे फर्दापूर हैदराबाद संस्थानात होते, तर शेजारचे पहूर इंग्रजांच्या खानदेशात. लेण्यांच्या दरीतून निघालेली वाघूर ही हद्द न जुमानता आपल्याकडे येते आणि तापीला मिळते. नदीने एक केलेला मुलूख राजकारणाने दोन राज्यांत वाटला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दोन राज्यांमधली हद्द दोन जिल्ह्यांची झाली. डोंगर जागचा हलला नव्हता.

कापसाचेही तसेच. खानदेशची काळी माती फार जुनी. पण १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि भाव कोसळला. माती तीच होती, शेतकरीही तोच. त्याच्या घरात आलेला आणि गेलेला पैसा मात्र त्याने कधी न पाहिलेल्या देशातल्या घडामोडींनी ठरवला.

पाचोरा-जामनेर, म्हणजे आपली पीजे, याच शिवारातून सुमारे शंभर वर्षे धावली आणि २०२० साली थांबली. जमीन सपाट होती म्हणून रूळ टाकणे सोपे गेले असेल, पण गाडी सुरू करणे आणि बंद करणे हे दोन्ही निर्णय माणसांचेच.

मित्रहो, 'आपले गाव मोक्याच्या ठिकाणी आहे' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. जगभरातून अजिंठ्याला येणाऱ्या कितीतरी गाड्या आजही पहूरवरून जातात. त्यातल्या किती इथे थांबतील, आणि आपल्या शाळेतून शिकलेल्या किती मुलामुलींना इथेच काम मिळेल, हे घाट ठरवणार नाही. ते गावाने मागितलेल्या, मिळवलेल्या आणि उभ्या केलेल्या गोष्टींवर ठरेल. त्यात आपण माजी विद्यार्थ्यांचाही वाटा असायला हवा.