जहाजबांधणीत परांचीवरून पडणे : कारणे, दुखापती आणि उपाय

परांची म्हणजे उंचावर काम करण्यासाठी लोखंडी नळ्या, क्लॅम्प आणि फळ्या जोडून उभारलेला तात्पुरता मचाण. मुंबई, वास्को, कोची, विशाखापट्टणम येथील गोद्यांत वेल्डर, फिटर आणि रंगारी अशा परांचीवर काम करतात.

धोका का वाढतो?

इमारतीची भिंत सरळ असते, जहाजाची बाजू वक्र. त्यामुळे फळी आणि जहाजाचा पत्रा यांत फट राहते व ती तळाकडे रुंदावत जाते. शिवाय एकच परांची अनेकजण वापरतात. प्लेट बसवताना आड येणारी फळी वेल्डर काढून ठेवतो. नंतर आलेल्या रंगाऱ्याला ते ठाऊक नसते. टाकीच्या आत उजेड कमी असतो आणि फळ्यांवर वाळू, तेल किंवा ओला रंग सांडलेला असतो.

उंची किती धोकादायक?

2 मीटरवरून पडणारा माणूस ताशी सुमारे 22 किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो, तर 5 मीटरवरून सुमारे 36 किलोमीटर वेगाने. या पडण्याला जेमतेम एक सेकंद लागतो. सावरायला वेळ मिळत नाही. अमेरिकेत म्हणूनच गोदीतील 5 फुटांपेक्षा उंच परांचीला कठडा सक्तीचा आहे.

दुखापती

पायांवर पडल्यास टाचेचे हाड मोडते आणि तोच धक्का कमरेच्या मणक्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे टाच मोडलेल्या रुग्णाचा मणकाही तपासावा लागतो. हात टेकल्यास मनगट मोडते. डोक्याचा मार सर्वांत घातक ठरतो.

उपाय

भारतात 1948 च्या कारखाने अधिनियमाने जहाज बांधणे, दुरुस्त करणे व तोडणे ही कामे आपल्या कक्षेत घेतली. त्याच्या कलम 32 मध्ये पडण्याची शक्यता असलेल्या उंचीवर कुंपण किंवा अन्य संरक्षणाची तरतूद होती. प्रत्यक्षात सर्वांत उपयोगी नियम साधा आहे : परांचीत बदल फक्त प्रशिक्षित परांची-कामगारानेच करावा, आणि तपासणीनंतरच ‘वापरास योग्य’ अशी पाटी लावावी. सेफ्टी बेल्टमुळे अधांतरी लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचून तो बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून त्याला काही मिनिटांत खाली उतरवण्याची तयारी आधीच हवी.

कोणी पडल्यास

जखमीला उचलून बसवू नये, मान व पाठ हलवू नये. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. तो चालू शकत असला तरी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.