आधी प्लग, मग बाकीचं : टू-स्ट्रोक स्कूटरच्या दुरुस्तीचा इतिहास

पुण्यातल्या स्कूटरचा इतिहास सहसा कारखान्याच्या फाटकापाशी संपतो. १९६० मध्ये बजाजने इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली, १९७१ मध्ये तो परवाना संपला, १९७२ मध्ये चेतक आली, पुढे साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समधून प्रिया निघू लागली, आणि नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. हे सगळं नोंदलेलं आहे. पण एकदा घरी आलेली स्कूटर पुढे वीस-वीस वर्षं चालली ती कोपऱ्यावरच्या गॅरेजांच्या जिवावर, आणि त्या गॅरेजांची आठवण निघालीच तर ‘तार बांधून गाडी पळवणारे’ एवढीच निघते. हा मोठा अन्याय आहे असं मला वाटतं. त्या मेकॅनिकांनी बिघाड शोधण्याची एक शिस्तशीर रीत घडवली होती, आणि ती इंजिनाच्या रचनेतूनच आलेली होती.

ही रचना जुनी आहे. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांनी १८९१ मध्ये ज्या टू-स्ट्रोक इंजिनाचं पेटंट घेतलं, त्यात पिस्टनखालची क्रँकची पेटीच पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटीत खेचलं जातं, खाली आला की तेच मिश्रण सिलिंडरमध्ये ढकललं जातं. पुढे यातले व्हॉल्व्हही गळाले, त्यामुळे भाग थोडे. पण पेटी हवाबंद नसेल तर सगळंच फसतं. म्हणून या इंजिनात एकाच तक्रारीमागे चार कारणं असू शकतात. ‘गाडी ओढत नाही’ म्हणजे कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा, ठिणगीचे पॉइंट जळालेले, सायलेन्सर कार्बनने चोंदलेला, नाहीतर ऑइल सील गेलेलं. नवखा माणूस सिलिंडर उघडून बसेल. जाणता मेकॅनिक आधी प्लग काढायचा. एका पान्ह्याचं काम, आणि आतली निम्मी हकिगत हातात. टोक विटकरी असेल तर मिश्रण ठीक. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, नाहीतर ठिणगीच नाही. पांढुरकं असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी हवा शिरतेय. मग प्लग इंजिनाला टेकवून किक मारायची आणि ठिणगी बघायची. त्यानंतर पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, जेट फुंकून साफ करायचा. तार मात्र घालायची नाही, कारण भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिते. ऑइल सीलचा नंबर शेवटी, आणि तेही आत हात घालण्याआधी बाहेरूनच ओळखायचं. धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी उतरतेय, म्हणजे क्लचकडचं सील. थ्रॉटल सोडूनही इंजिन आपोआप चढतंय, म्हणजे मॅग्नेटकडच्या सीलमधून हवा शिरतेय. स्वस्तातल्या तपासणीकडून महागड्या कामाकडे, बाहेरून आत, आणि दर पायरीला एक शक्यता कायमची बाद. अनुमानाची पद्धत म्हणतात ती याहून वेगळी नसते.

यावर कुणी म्हणेल, ही सगळी टंचाईची करणी. नवी गाडी मिळत नव्हती म्हणून जुनी दुरुस्त होत राहिली. टंचाई होतीच. पण लोक दुरुस्ती का करत राहिले एवढंच तिच्यातून कळतं. दुरुस्ती बरोबर का ठरायची, हे त्यातून कळत नाही. उलट टंचाईत चुकीचं निदान जास्त महाग पडायचं, आणि तीच स्कूटर तोच माणूस पुन्हा दारात आणून उभी करायचा. मालकही अडाणी नव्हता. डिकीत प्लग-पान्हा आणि जादा प्लग ठेवणारा कारकून किंवा शिक्षक पहिल्या दोन पायऱ्या स्वतःच उरकून यायचा. मेकॅनिकला आयत्या थापा मारायला जागा कमी होती, ती यामुळेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: याच मंडळींनी गाड्या बिघडवल्याही. ऑइलच्या बाबतीत हे मान्य करावंच लागतं. जुन्या व्हेस्पांना पेट्रोलमध्ये सुमारे पाच टक्के ऑइल लागायचं. १९६० च्या आसपास मिश्रण थेट क्रँकवर सोडणारी रोटरी रचना आली आणि दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, पुरू लागलं. यंत्र बदललं, हात बदलला नाही. ‘ऑइल जास्त तर इंजिन टिकतं’ या समजुतीने ओतलेलं जादा ऑइल प्लगवर आणि सायलेन्सरमध्ये साचायचं, आणि मग तोच कार्बन काढण्यासाठी सायलेन्सर आगीत घालून जाळायची वेळ यायची. दिल्लीत १९९८-९९ मध्ये सुट्या टू-टी ऑइलच्या विक्रीवर बंदी येऊन पंपावरच मिसळलेलं पेट्रोल देणं सुरू झालं, तेव्हा कायद्याने या सवयीवरच बोट ठेवलं. यातून रीत खोटी ठरत नाही; तिच्यातली एक पायरी जुन्या मापावर अडकली होती, एवढं दिसतं.

धुराचा मुद्दा मात्र वेगळा काढायला हवा. टू-स्ट्रोकमध्ये आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट काही क्षण एकाच वेळी उघडी असते, त्यामुळे न जळलेल्या मिश्रणाचा बराच भाग तसाच सायलेन्सरमधून निघून जातो. हा दोष मूळ रचनेतला, कुठल्याच पान्ह्याने न जाणारा. १९९६ आणि २००० चे उत्सर्जनाचे निकष आल्यावर कंपन्या फोर-स्ट्रोककडे वळल्या, ते योग्यच झालं. पण इंजिन रस्त्यावरून गेलं तरी संपलं नाही. कोकणातल्या बागांमधले ग्रास कटर आणि पाठीवरचे फवारणी पंप यांत ते अजून आहे, आणि हंगामभर बाजूला पडून राहिलेलं यंत्र सुरू होत नाही तेव्हा गिऱ्हाईक थेट नवं इंजिन मागतं. बऱ्याचदा दोष असतो कार्बोरेटरमध्ये सुकून चिकटलेल्या पेट्रोलचा, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं म्हणून तो आता अधिकच भेटतो. तिथेही प्लग, मग कार्बोरेटरचा पडदा आणि जेट, मग सायलेन्सरची जाळी, या क्रमाने गेलं तर सिलिंडरला हात लावायची वेळ क्वचितच येते.